विमानांच्या पोलादातील ताण-गंज तडे : कारणे, धोके आणि प्रतिबंध

उच्चबल पोलाद, त्यावर सतत राहणारा ओढीचा ताण आणि ओलावा किंवा क्षार असलेले वातावरण या तीन गोष्टी एकत्र आल्या, की धातूत सूक्ष्म तडा निर्माण होतो व तो हळूहळू आत शिरत जातो. या क्रियेस ताण-गंज तडा, किंवा अभियंत्यांच्या नित्याच्या भाषेत ‘स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग’, असे म्हणतात. साध्या गंजात धातू झिजतो, त्याचे पापुद्रे सुटतात, तांबूस डाग दिसतात आणि धोक्याची सूचना डोळ्यांना मिळते. ताण-गंज तड्यात यांपैकी फारसे काही घडत नाही. भाग वरून जवळजवळ नवा दिसतो, त्याचे वजन घटत नाही, आकार बदलत नाही. आणि एके दिवशी तो नेहमीच्या भाराखाली, किंबहुना विमान धावपट्टीवर स्वस्थ उभे असतानाही, काचेसारखा तुटतो. विमानाच्या लँडिंग गिअरसारख्या ठिकाणी, जिथे एका भागाचे काम दुसरा भाग करू शकत नाही, तिथे हा दोष विशेष गंभीर ठरतो.

पोलादाचा वापर कोठे आणि का

आधुनिक प्रवासी विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा, टायटॅनियमचा आणि कार्बन तंतूंच्या संमिश्रांचा असतो. पोलादाचा वाटा वजनाने थोडा असला, तरी तो नेमका जोखमीच्या जागी असतो. लँडिंग गिअरचे सिलिंडर, त्यात वरखाली होणारे दट्टे, चाकांचे आस, पंखांमागील फ्लॅपचे मार्ग, इंजिन व पंख जोडणारे खिळे आणि बोल्ट हे भाग बहुधा पोलादाचे असतात. चाके आत घेण्यासाठी विमानाच्या पोटात जागा अपुरी असते. त्यामुळे कमी जागेत जास्तीत जास्त भार पेलणारा धातू लागतो, आणि त्या कसोटीवर पोलादाला अद्याप तुल्यबळ पर्याय थोडे आहेत.

या कामासाठी दीर्घकाळ वापरले गेलेले पोलाद ‘४३४०’ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन आणि त्याबरोबर निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असतात. त्यात सिलिकॉनचे प्रमाण सुमारे १.६ टक्क्यांपर्यंत वाढवून आणि किंचित व्हॅनेडियम घालून ‘३००-एम’ हे पोलाद तयार झाले. अनेक प्रवासी व लष्करी विमानांच्या लँडिंग गिअरमध्ये तेच आढळते. रशियन परंपरेच्या विमानांत क्रोमियम, मँगनीज, सिलिकॉन आणि निकेल यांचे मिश्रण असलेली पोलादे याच कामासाठी वापरली जातात. ‘३००-एम’ पोलाद सुमारे ८७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात थंड केले जाते आणि मग सुमारे ३०० अंशांवर दोनदा टेम्परिंग करून त्याचा ठिसूळपणा कमी केला जातो. या संस्कारानंतर त्याचे बल सुमारे १,९०० ते २,००० मेगापास्कल होते. म्हणजे या पोलादाच्या एक चौरस सेंटीमीटर छेदाच्या सळईला तुटेपर्यंत सुमारे १९ टनांचा भार लावावा लागतो. घरबांधणीतील ‘एफई ५००’ प्रतीची सळई सुमारे ५ टनांनाच कायमची ताणली जाऊ लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या पोलादाची ताकद ध्यानात येते.

या ताकदीची किंमत मात्र मोजावी लागते. पोलादाचे बल जसजसे वाढवावे तसतसा त्याचा चिवटपणा, म्हणजे तडा असूनही न तुटण्याचा गुण, कमी होतो. आणि ओलाव्यात तडा वाढू न देण्याची क्षमता त्याहून झपाट्याने घटते. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या धातूनिवडीच्या नियमांत सुमारे १,२४० मेगापास्कलपेक्षा कमी बलाची साधी मिश्र पोलादे ताण-गंज तड्याला चांगला प्रतिकार करणारी मानली जातात. लँडिंग गिअरचे पोलाद या रेषेच्या बरेच पलीकडे आहे.

तीन अटी

तडा पडण्यासाठी संवेदनशील धातू, ओढीचा ताण आणि अनुकूल वातावरण या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. यांपैकी एक जरी दूर केली, तरी क्रिया थांबते. प्रतिबंधाचे सारे उपाय याच तत्त्वावर उभे आहेत.

यातील ताणाचा घटक बहुतेकदा चटकन लक्षात येत नाही. उड्डाण किंवा अवतरण यांच्या वेळचा ताण क्षणिक असतो. ताण-गंज तड्याला लागतो तो न हटणारा ताण. असा ताण अनेक मार्गांनी येतो. भोकात घट्ट दाबून बसवलेली बुश भोकाच्या कडेला सतत बाहेर रेटत असते. प्रमाणाबाहेर आवळलेला बोल्ट कायम ताणलेला राहतो. नीट न जुळणारे दोन भाग जबरीने जोडले, तर दोन्हींत ताण अडकून पडतो. पोलाद थंड करताना आणि घासून गुळगुळीत करतानाही पृष्ठभागात ताण उरतो. शिवाय विमानाच्या आयुष्यातील पुष्कळ तास जमिनीवर जातात आणि त्या सर्व काळात त्याचे संपूर्ण वजन लँडिंग गिअरवर असते. विमानाचे इतर बरेच भाग जेव्हा विश्रांती घेत असतात, तेव्हा हा भाग भार वाहत असतो.

वातावरणाच्या बाबतीतही काही असाधारण लागत नाही. समुद्राचे खारे पाणी घातक आहेच. परंतु इतक्या बलाच्या पोलादात तडा वाढवण्यास दमट हवाही पुरते. चाके धावपट्टीवरील पाणी, चिखल व खडे वर उडवतात आणि रंगाच्या थराला टवके पडतात. धुण्याची रसायने, रंग काढण्याची द्रावणे आणि थंड देशांत धावपट्टीवरचा बर्फ वितळवण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियमचे क्षार संरक्षक मुलाम्याला इजा करतात. दोन भागांच्या फटीत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही, आणि नेमक्या त्याच फटी तपासणीच्या वेळी नजरेआड राहतात.

तड्याच्या टोकाशी काय घडते

सुरुवात बहुधा एका लहानशा खड्ड्यापासून होते. मुलामा उडालेल्या जागी गंजाने टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो. तिथून तडा निघतो. तड्याच्या आत अडकलेल्या थेंबभर पाण्याचे रसायन बाहेरच्या पाण्याहून वेगळे असते. लोखंड व क्रोमियम यांचे विरघळलेले आयन पाण्याशी अभिक्रिया करतात आणि टोकाशी आम्लता निर्माण होते. त्यामुळे बाहेरचे पाणी उदासीन असले, तरी तड्याच्या टोकाशी पोलाद आम्लात बुडालेले असते.

या आम्लातून सुटणाऱ्या हायड्रोजनचा काही भाग बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो, तर काही भाग अणुरूपात पोलादात शिरतो. हायड्रोजनचा अणू सर्वांत लहान असल्याने तो लोखंडाच्या स्फटिकजालातून सहज सरकतो आणि जिथे धातू सर्वाधिक ताणलेला आहे तिथे, म्हणजे तड्याच्या टोकाच्या किंचित पुढे, साठतो. तिथे तो स्फटिककणांमधील बंध दुबळे करतो. बंध सुटला की तडा थोडा पुढे जातो, नवे टोक उघडे पडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. उच्चबल पोलादातील ताण-गंज तडा हा बऱ्याच अंशी हायड्रोजनमुळे येणाऱ्या ठिसूळपणाचाच प्रकार आहे, असे धातुशास्त्रज्ञ मानतात. दशलक्ष भागांत काही मोजके भाग इतका अल्प हायड्रोजनही घात करण्यास पुरेसा असतो.

तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तडा कणांच्या सीमांवरून गेलेला दिसतो आणि सुटे झालेले कण खडीसाखरेच्या खड्यांसारखे चकाकतात. धातूच्या थकव्याने पडलेल्या तड्यात समांतर सूक्ष्म रेषा आढळतात, तशा इथे नसतात. अपघातानंतर कारण ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो. थकव्याचा हिशेब उड्डाणांच्या संख्येवर होतो, तर ताण-गंजाचा दिवसांवर. त्यामुळे हँगरमध्ये उभे असलेले विमानही या हिशेबातून सुटत नाही.

शोधाचा इतिहास

ताण आणि वातावरण यांच्या संयुक्त परिणामाचे एक जुने उदाहरण भारतातलेच आहे. ब्रिटिश फौजेची तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. ऋतूशी असलेल्या या संबंधामुळे त्या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि काडतुसे घडवताना पितळात अडकलेला ताण ही त्यामागची दोन कारणे होत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा मांडला. काडतुसे हलकी तापवून अंतर्गत ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय ठरला.

पोलादावरील हायड्रोजनचा परिणाम त्याहीपूर्वी नोंदला गेला होता. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे दाखवले, की काही काळ आम्लात ठेवलेली लोखंडी तार ठिसूळ होते आणि नंतर हवेत ठेवल्यास तिचा चिवटपणा बऱ्याच अंशी परत येतो. विसाव्या शतकाच्या मध्यास विमानांच्या पोलादाचे बल वाढत गेले आणि मुलामा दिलेले भाग काही तासांनी वा दिवसांनी अचानक तुटू लागले, तेव्हा या जुन्या निरीक्षणाचे महत्त्व नव्याने उमगले. गंजापासून रक्षण करण्यासाठी दिलेला मुलामाच, तो देण्याच्या विद्युत्‌क्रियेत पोलादात हायड्रोजन सोडत होता.

मोजमाप : किती लहान तडा धोकादायक

या प्रश्नाला संख्यात्मक उत्तर मिळाले ते १९६५ मध्ये. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील बी. एफ. ब्राउन आणि सी. डी. बीचम यांनी आधीच तडा पाडलेल्या पट्ट्या खाऱ्या पाण्यात ठेवून त्यांच्या टोकाला वजने टांगली. विशिष्ट मर्यादेखाली तडा वाढत नाही आणि ती ओलांडली की तो वाढतच जातो, असे त्यांना आढळले. ही मर्यादा आज ‘के-आय-एस-सी-सी’ या संज्ञेने ओळखली जाते. कोरड्या हवेत पोलाद तोडणाऱ्या मर्यादेला भंगचिवटपणा म्हणतात. ‘३००-एम’सारख्या पोलादाचा भंगचिवटपणा साधारण ५५ एकक धरला, तर खाऱ्या पाण्यातील मर्यादा १० ते २० एककांच्याच घरात येते.

या दोन आकड्यांतील अंतराचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. पृष्ठभागावर ५०० मेगापास्कलचा ताण कायम असेल, तर ५५ एककांच्या हिशेबाने लांबट, उथळ तडा सुमारे ३ मिलिमीटर खोल होईपर्यंत भाग तुटत नाही. पण १५ एककांची मर्यादा धरली, तर खाऱ्या पाण्यात अवघ्या ०.२ मिलिमीटर खोलीचा ओरखडा वाढू लागतो. ताण दुप्पट झाल्यास हे दोन्ही आकडे एकचतुर्थांश होतात. म्हणजे वाढ सुरू होण्यासाठी लागणारा दोष जेमतेम दिसण्याजोगा आणि भाग तुटण्यासाठी लागणारा दोषही काही मिलिमीटरचाच. या दोहोंमधील अवकाशात तपासणी करणाऱ्याने तडा पकडायचा असतो. एवढ्या लहान तड्यावर विसंबता येत नसल्याने लँडिंग गिअरसाठी ‘तडा शोधून वापर चालू ठेवणे’ हे धोरण सहसा स्वीकारले जात नाही. ठरावीक आयुष्य संपताच भाग बाद केला जातो.

नोंदलेल्या घटना

विमानाबाहेरील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज. १९२८ मध्ये बांधलेला हा पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळला आणि ४६ जणांचा मृत्यू झाला. उष्णसंस्कारित पोलादाच्या एका पट्टीच्या भोकाच्या कडेला असलेला सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा त्यास कारण ठरला. ताण-गंज आणि गंजाच्या साथीने आलेला थकवा यांनी तो वाढवला होता, आणि पट्टी जागेवर असताना तो दिसणे शक्य नव्हते.

विमानांच्या क्षेत्रात १९९० च्या दशकात बोइंग ७६७ विमानांच्या मुख्य लँडिंग गिअरच्या बाह्य सिलिंडरमध्ये, जिथे तो पंखाला जोडला जातो तिथे, ताण-गंज तड्यांमुळे भंग झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने त्यासाठी तपासणीचे आणि गंजरोधक लेप देण्याचे सक्तीचे आदेश काढले. ‘एच-११’ या अतिकठीण पोलादाचे बोल्टही अशाच तड्यांना बळी पडत असल्याने अनेक बोइंग विमानांत त्यांच्या जागी निकेलच्या ‘इन्कोनेल ७१८’ या मिश्रधातूचे बोल्ट बसवण्यात आले.

गंज आणि थकवा एकत्र आल्यास काय होते, हे २८ ऑक्टोबर २०१६ च्या अपघाताने दाखवले. अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल विमानतळावर उतरल्यानंतर फेडएक्स कंपनीच्या मालवाहू विमानाचा डावा लँडिंग गिअर कोलमडला व पंखाला आग लागली. दोन्ही वैमानिक बाहेर पडू शकले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षानुसार, आवश्यक असलेला कॅडमियमचा मुलामा एका जागी नव्हता, तिथे गंजाचा खड्डा पडला आणि त्या खड्ड्यातून थकव्याचा तडा निघाला. निर्मात्याने सुचवलेल्यापेक्षा अधिक लांबवलेला दुरुस्तीचा कालावधी हेही एक कारण नोंदले गेले. हा तडा काटेकोर अर्थाने ताण-गंजाचा नव्हता. परंतु मुलामा, खड्डा आणि लांबलेली तपासणी ही साखळी दोहोंत सारखीच आहे.

प्रतिबंध

पहिला उपाय पृष्ठभागावरील ताण उलटवण्याचा आहे. पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग ठोकला जातो. या ‘शॉट पीनिंग’मुळे वरच्या थरात दाबाचा ताण निर्माण होतो आणि दाबाखाली तडा उघडत नाही. दुसरा उपाय मुलाम्याचा. कॅडमियम पोलादाआधी स्वतः झिजतो आणि त्याचे रक्षण करतो. मात्र मुलामा दिल्यावर काही तासांच्या आत भाग सुमारे १९० अंशांच्या भट्टीत ठेवून आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. लँडिंग गिअरच्या पोलादासाठी हे भाजणे साधारण २३ तास चालते. मुलाम्याची प्रक्रिया सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी खाच पाडलेले नमुने त्यांच्या भंगबलाच्या ७५ टक्के भाराखाली २०० तास टांगून ठेवले जातात. तेवढ्या काळात नमुना तुटला, तर प्रक्रिया नापास ठरते.

कॅडमियम विषारी असल्याने त्याच्या जागी जस्त-निकेलचा किंवा निर्वात पद्धतीने दिलेला ॲल्युमिनियमचा मुलामा रूढ होत आहे. दट्ट्यांवरील कठीण क्रोमियमऐवजी टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला थर देण्याची पद्धतही वाढली आहे. तिच्यात हायड्रोजनचा प्रश्न टळतो. घासणीच्या वेळी पोलाद फार तापले, तर पृष्ठभागावर ठिसूळ डाग तयार होतात. म्हणून सौम्य आम्लाने पृष्ठभाग खोदून असे ‘जळके’ डाग शोधणे हा दुरुस्तीचा अनिवार्य भाग असतो. आरेखनात पाणी साचणार नाही अशा निचऱ्याच्या वाटा ठेवणे, बुश बसवताना गंजरोधक लेप भरणे आणि टवका उडालेला रंग तत्काळ दुरुस्त करणे हे उपाय साधे दिसले, तरी तितकेच महत्त्वाचे आहेत.

तपासणीसाठी चुंबकीय कणांची पद्धत प्रमुख आहे. भाग चुंबकित करून त्यावर चकाकणाऱ्या लोहकणांचे द्रव सोडले, की तड्यापाशी कण गोळा होतात आणि अतिनील प्रकाशात रेघ दिसते. त्यासाठी मुलामा व बुश काढाव्या लागत असल्याने ही तपासणी संपूर्ण उतरवणीच्या वेळीच नीट होते. विमान सेवेत असताना ध्वनितरंग आणि एडी करंट यांवर भिस्त ठेवावी लागते.

धातू बदलणे हा मूलगामी उपाय आहे. कोबाल्ट आणि निकेल यांचे प्रमाण अधिक असलेले ‘एअरमेट १००’ हे पोलाद ‘३००-एम’इतकेच बलवान असून त्याचा भंगचिवटपणा दुपटीहून अधिक आहे. गंजरोधक ‘फेरियम एस-५३’ हे पोलाद अमेरिकी हवाई दलाच्या विमानांत वापरात आले आहे. बोइंग ७७७ मध्ये चाकांच्या जोड्या धरणारी तुळई टायटॅनियमची करण्यात आली. हे धातू महाग आहेत आणि त्यांची घडाई अवघड आहे. त्यामुळे जुनी पोलादे पुढील काही दशके सेवेत राहतील.

भारतातील संदर्भ

भारताची लांब किनारपट्टी आणि महिनोन्महिने टिकणारा मोसमी दमटपणा या दोषाला पोषक आहे. मुंबई, गोवा, कोची व चेन्नई येथील विमानतळ समुद्राजवळ आहेत. विमानवाहू नौकांवरील विमाने तर खाऱ्या तुषारांतच वावरतात. विमानाची रचना ज्या देशात प्रमाणित झाली, तेथील सुरक्षा-आदेश पाळले जातील हे नागरी क्षेत्रात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते. लष्करी विमानांची योग्यता बंगळूरस्थित ‘सेमिलॅक’ प्रमाणित करते. बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा तुटलेल्या भागांचे विश्लेषण दीर्घकाळ करीत आली आहे. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांची बांधणी व दुरुस्ती करणारा विभाग आहे, तर नागपूरच्या मिहानमध्ये प्रवासी विमानांचे देखभाल केंद्र आहे.

हैदराबादची मिश्र धातु निगम ही सरकारी कंपनी देशातच अतिबल पोलादे तयार करते. यातील मॅरेजिंग पोलादात कार्बन अत्यल्प आणि निकेल सुमारे १८ टक्के असते. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवच याच पोलादाचे असून, पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीजने अशी कवचे घडवली आहेत. समान बलाच्या साध्या मिश्र पोलादापेक्षा ते अधिक चिवट असले, तरी ओलाव्यापासून त्याचेही रक्षण करावेच लागते.

देशातील विमानांचे ताफे वाढत आहेत आणि अनेक लष्करी विमानांचे सेवाकाल लांबवले जात आहेत. थकव्याचा हिशेब उड्डाणांच्या नोंदवहीत आपोआप होतो. ताण-गंजाचा मात्र कोणत्याही नोंदवहीत होत नाही. म्हणून लँडिंग गिअरची संपूर्ण उतरवणी उड्डाणांच्या संख्येबरोबरच कालावधीच्या मर्यादेनेही बांधलेली असते, यांपैकी जी मर्यादा आधी येईल ती. कमी उडालेल्या विमानाबाबत ही मुदत अनावश्यक खर्चाची वाटण्याचा संभव असतो. परंतु तड्याच्या टोकाशी चालणारी क्रिया विमान उडते की उभे आहे हे पाहत नाही. कालावधीची ती मर्यादा याच कारणाने आखलेली आहे, आणि ती पाळली जाते की नाही यावर या दोषापासूनची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.